साडेबारा हजार किलोमीटर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रश्न घालत असे. मुंबईहून न्यूयॉर्कला सगळ्यात जवळच्या वाटेने जायचं, तर विमानाने आधी कुठल्या दिशेला तोंड करावं? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पश्चिमेला!" भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला, म्हणून पश्चिमेला. मग मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचे आणि एका मुलीला सांगायचे, की एक दोरा घे, एक टोक मुंबईवर धर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून बघ. दोरा ताणला की तो आपोआप सरकत सरकत उत्तरेकडे चढायचा, पार आइसलँडपर्यंत. मुलं उठून टेबलाभोवती गोळा व्हायची. तास तिथेच संपायचा म्हणा ना!

श्रोतेहो, आज मला याच दोऱ्याबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे आता घरटी नाही, पण आळीत एक तरी घर असं असतंच, ज्या घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे. माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत राहतात. "किती लांब आहे हो?" असं कुणी विचारलं की आपण सांगतो, "सोळा तास." अंतर विचारलं, उत्तर वेळेचं दिलं! कोल्हापूर किती लांब, तर सव्वा तास, तसंच हे. पण कराड-कोल्हापूरच्या बाबतीत चालणारी ही सवय इतक्या लांबच्या प्रवासात दगा देते. अंतर ही एक गोष्ट आहे आणि वेळ ही अगदी वेगळी.

आधी अंतर. मुंबईचा विमानतळ पूर्व रेखांश ७३ च्या जवळ, आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ पश्चिम रेखांश ७४ च्या जवळ. म्हणजे ग्रीनिचच्या दोन बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर ही दोन शहरं बसली आहेत. दोऱ्याने मोजलेलं अंतर भरतं सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिक ओलांडते. दिसायला सरळ, पण त्या वाटेने गेलं तर जवळजवळ साडेसोळाशे किलोमीटर जास्त पडतात. सपाट नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून दाखवतो, म्हणून उत्तरेची जवळची वाट तिथे लांबची वाटते.

दोऱ्याची वाट मात्र मोठी गमतीची आहे. मुंबई सोडली की ती राजकोटच्या आसपासून, कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरते. मग बलुचिस्तान, अफगाणिस्तानातलं हेरात, तुर्कमेनिस्तान, पुढे कॅस्पियन आणि अरल या दोन समुद्रांच्या मधली ओसाड जमीन. नंतर रशिया. मॉस्को आणि हेलसिंकी ही दोन राजधानीची शहरं जवळजवळ दोऱ्याखालीच येतात. मग नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाच्या खालून कॅनडातलं लॅब्राडोर, आणि वरून खाली उतरत न्यूयॉर्क. वाटेतलं सगळ्यात उत्तरेचं ठिकाण आइसलँडच्या थोडं अलीकडे, जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर. मुंबई १९ वर, न्यूयॉर्क ४१ च्या जरा खाली. दोन्ही शहरांपेक्षा कितीतरी उत्तरेला जाऊन परत खाली यायचं, आणि तीच जवळची वाट!

आता ही नावं पुन्हा एकदा मनात आणा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. दोरा गोलावर बिनधास्त जातो, कारण गोलावर पहारेकरी नसतात. आकाशाला मात्र सीमा असतात, आणि त्या जमिनीवरच्या सीमांपेक्षाही पटकन बंद होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्ण उघडायला जुलै उजाडला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि अफगाणिस्तानवरून जाणाऱ्या विमानांना खालून वाट दाखवणारं कुणी उरलं नाही. कंपन्यांनी तो देश टाळायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जाईनाशी झाली. भारतीय कंपन्यांवर ती बंदी नव्हती. म्हणजे त्याच दोन शहरांमधली वाट विमानाच्या शेपटीवर कुठला झेंडा आहे त्यावर ठरू लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, भारतानेही त्यांच्या विमानांना बंद केलं, आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नाला उतरू लागली.

याचा कळस मला वाटतो १३ जून २०२५ चा. इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश काही तासांत रिकामं झालं. त्या दिवशी पहाटे मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान अर्ध्या वाटेवरही न पोचता मुंबईलाच परत आलं. न्यूयॉर्कहून मुंबईकडे येणारं जेद्दाहला उतरवलं. इतके तास हवेत काढून माणसं होती तिथेच! अशा दिवशी १२,५०० या आकड्याचा काय उपयोग, सांगा.

आता वेळेकडे येऊ. मोठं प्रवासी विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला तर १४ तास यायला हवेत. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जायला सुमारे १६ तास लागतात आणि यायला साडेचौदाच्या आसपास. जाताना जास्त, येताना कमी. का? आमच्या शेजारच्या काकांचं उत्तर तयार असतं, "पृथ्वी फिरते ना!" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता वादही घालत नाही. पण रेडिओवर सांगायला हवं. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत तुम्ही पुढच्या सीटकडे चाललात काय आणि मागच्या सीटकडे चाललात काय, पावलं तेवढीच टाकावी लागतात.

खरं कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. जेट स्ट्रीम म्हणतात तिला. हिवाळ्यात तिचा जोर मोठा असतो. तासाला दोनशे, कधी तीनशे किलोमीटरपर्यंत. न्यूयॉर्कहून येणारं विमान त्या नदीत उतरून प्रवाहाबरोबर येतं, जाणाऱ्याला ती टाळत किंवा कापत जावं लागतं. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात मोठं वादळ आलं होतं. त्याच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. ही नदी रोज पात्र बदलते, म्हणून उत्तर अटलांटिकवरचे विमानांचे मार्ग दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. कालची वाट आज नसते.

याहून नवलाचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेने, अटलांटिकवरून जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात झाली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी! वारा पाठीशी होता, एवढंच. लांबच्या वाटेने लवकर पोचायचं, हे भूगोलाच्या कुठल्या धड्यात होतं?

वाऱ्याची ही खोट भरून काढायला विमानाला जोरात पळवता येत नाही का? मला नेहमी याचं आश्चर्य वाटत आलं आहे, की ज्या साठ-पासष्ट वर्षांत बाकी सगळं बदललं, त्यात विमानाचा वेग बदलला नाही. एअर इंडियाचं बोइंग ७०७ जातीचं जेट विमान १४ मे १९६० रोजी पहिल्यांदा लंडनमार्गे न्यूयॉर्कला गेलं, त्याचा वेग आजच्या विमानांइतकाच होता. वाढली ती न थांबता जाण्याची ताकद. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विमान मध्ये कुठेही न उतरता जाऊ लागलं. बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांमध्ये सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. त्याचं वजन जवळजवळ १४५ टन, आणि भरलेल्या अख्ख्या विमानाचं जास्तीत जास्त ३५० टनांच्या आसपास. पाच हिश्श्यांतले दोन हिस्से नुसतं इंधन! त्यातलं बरंचसं बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. बैलगाडीत बैलांचाच कडबा भरून निघावं, तसा हा प्रकार. म्हणून समोरचा वारा वाढला किंवा वळसा पडला, की वाटेत उतरणं आलं.

माझ्या मनात या वाटेवरचा पहिला प्रवासी म्हटलं की आनंदीबाई जोशी येतात. त्या काही पहिल्या नव्हेत, पण आपल्या मराठी मनात पहिल्याच. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा. तिथे डॉक्टर झाल्या, १८८६ च्या अखेरीला परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वय बावीसही पुरं नव्हतं. त्यांच्या अस्थी मात्र पुन्हा त्याच वाटेने अमेरिकेला गेल्या. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं होतं, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या. त्या काळी माणूस परदेशी निघालं, की घरच्यांनी निरोप घेतानाच बाकीचं सगळं मनात धरलेलं असे. आपण विमानाचे तास ऐकतो आणि आपल्याला वाटतं, आता तसं काही धरायला नको.

आमच्या आळीतली एक गोष्ट सांगते. नावं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक आजोबा गुरुवारी पहाटे पाच वाजता गेले. धाकटा मुलगा न्यू जर्सीत. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्याला फोन गेला तेव्हा तिकडे बुधवारची संध्याकाळ होती, साडेसात. रात्री अकराचं, आखातात बदलून येणारं विमान होतं आणि त्यात जागाही होती. पण पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये. महत्त्वाचा कागद म्हणून माणसाने नीट जपून ठेवलेला! बँक उघडणार दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. त्यामुळे तो निघाला गुरुवारी रात्री अकराला, म्हणजे आपल्या शुक्रवारी सकाळी साडेआठला. साडेबारा तासांनी आखातात उतरला, अडीच तास तिथे बसला, तीन तासांनी मुंबई. शनिवारी पहाटेचे अडीच. रांग, सामान, बाहेर यायला चार. मग गाडीने पनवेल, पुणे, सातारा करत तीनशे किलोमीटर. अकराच्या सुमाराला गाडी आळीच्या तोंडाशी आली.

गुरुवारी पहाटे पाच ते शनिवारी सकाळी अकरा. चोपन्न तास. त्यातले हवेत किती, तर साडेपंधरा. कागदावर विमानाने आपलं काम चोख केलं होतं. उरलेले साडेअडतीस तास कुठे गेले, त्यांत ना वारा होता, ना आकाशाची सीमा. मे महिन्याची कराडची उष्णता तुम्हाला माहीत आहे. शीतपेटी आणली होती, दोनदा वीज गेली. आजी पेटीशेजारी बसून होत्या. पहिल्या दिवशी रडल्या, दुसऱ्या दिवशी नुसत्या बसल्या, आणि शनिवारी सकाळी तर आल्यागेल्याला स्वतःच सांगू लागल्या, "आता आलाच, पुण्याच्या पुढे आला." थांबायचं की नाही यावर घरात दोन तट पडले होते, तेही खरं. आणि आलेल्या मुलाच्या वाट्याला काय आलं? दोन रात्रींचं जागरण, आणि दारात पाऊल टाकताक्षणी हातात मडकं.

मी तेव्हा घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. शिक्षकाची खोड. पासपोर्ट हाताशी असता तर चोपन्नातले चोवीस गेले असते, राहिले तीस. सगळं सरळ घडलं, त्याच रात्रीचं विमान मिळालं, आकाश उघडं असलं, घाटात कंटेनर उलटलेला नसला, तर न्यू जर्सीतल्या घरापासून कराडच्या घरापर्यंत तीस तास. सोळा नव्हेत. तुमचं गाव लातूरकडे किंवा गडचिरोलीकडे असेल तर आणखी वाढवा. मुलांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर नुसता पासपोर्ट पुरत नाही, ओसीआय कार्डही लागतं. ते नसेल तर व्हिसा, आणि त्यात दिवस जाऊ शकतात. इकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक. मुंबईहून परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असं लिहिलेलं असतं, म्हणजे विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन हजर झालेली शिकली-सवरलेली माणसं मला माहीत आहेत.

तर हा तीस तासांचा कागद मी मुलाला फोनवर वाचून दाखवला. त्याला आवडला नाही. "आई, हे आत्ता कशाला?" म्हणाला. आत्ताच, कारण तेव्हा मी सांगायला नसेन. माझी मुलगी कोल्हापूरला असते. कोल्हापूर ते कराड पंचाहत्तर किलोमीटर, सव्वा तास. मी त्याला सांगितलं, की माझ्या वेळी पेटी आणायची नाही आणि कुणी कुणाची वाट बघायची नाही. ताई येईल, अग्नी ती देईल. तू निघ, पण धावत येऊ नकोस. पाच दिवसांनी आलास तरी चालेल, पण आलास की महिनाभर राहा, बाबांजवळ. घरातलं कुणी अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. तोही बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "ताईला सांगितलंस?"

सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. एवढंच म्हणाली, की त्याला विचार, पासपोर्ट कुठे ठेवतोस.

स्वयंपाकघरातल्या खणात असतो, असं सून सांगते. चमच्यांच्या शेजारी.